किलोमीटर नव्हे, बुड्या मोजा

बोट ट्रेलरचं, म्हणजे गाडीमागून बोट पाण्यापर्यंत नेणाऱ्या गाड्याचं, बेअरिंग वर्षात किती फिरतं? बहुतेक मालकांकडे याचं उत्तर किलोमीटरमध्ये असतं, आणि तो आकडा इतका लहान असतो की देखभालीचा विचारच मनात येत नाही. मोटारीचं बेअरिंग रोज पळून लाखभर किलोमीटर मुकाट काढतं. मग कधीतरी सुट्टीला पाण्यापर्यंत जाणाऱ्या ट्रेलरचं काय बिघडणार? पण या बेअरिंगला पळण्याने फारसं काही होत नाही. त्याला मारतात दोन गोष्टी: पाण्यात बुडणं आणि त्यानंतर नुसतं उभं राहणं. म्हणून ट्रेलरच्या देखभालीचा हिशेब किलोमीटरवर ठेवणं मला पटत नाही. तो बुड्यांवर आणि महिन्यांवर ठेवायला हवा.

पाणी आत शिरतं कसं ते आधी बघू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. तासभर हमरस्त्यावर धावून आलेला हब, म्हणजे बेअरिंग पोटात असलेला चाकाचा मधला भाग, ६० अंश सेल्सियसपर्यंत सहज तापलेला असू शकतो. त्याच्या पोटात ग्रीस असतं, तशी हवाही असते. रॅम्पवरून ट्रेलर पाण्यात उतरतो, हब काही मिनिटांत २५ अंशांच्या आसपास येतो आणि आतल्या हवेचा दाब साधारण एक दशांशाने घटतो. एक दशांश ऐकायला किरकोळ वाटतो, पण मीटरभर खोल पाण्याचा जेवढा दाब असतो जवळपास तेवढी ही ओढ आहे. वर हब जेवढा खोल बुडेल तेवढी भर वेगळी. मागचं ऑइल सील मुळात आतलं ग्रीस बाहेर जाऊ नये म्हणून असतं. त्याची रबरी ओठासारखी कड आतून दाब आला की स्पिंडलला, म्हणजे हब ज्यावर फिरतो त्या एक्सलच्या टोकाला, घट्ट बसते. दाब उलटा, म्हणजे बाहेरून आला, की तीच कड किंचित उचलली जाते आणि चमचाभर पाणी आत जातं. चमचाभर पुरतं.

ते पाणी लगेच काही करत नाही. परतीच्या प्रवासात ते ग्रीसमध्ये घोटलं जातं आणि ग्रीसचा रंग दुधाळ होतो. मग ट्रेलर जागेवर उभा राहतो, तीन-चार महिने. बेअरिंगचे रोलर जिथे थांबले तिथेच कपाला, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगला, टेकून असतात, आणि त्या टेकलेल्या रेषेवर पाणी साचून गंज धरतो. अशा हबचा कप पुसून पाहिला तर त्यावर रोलरच्या अंतराअंतराने काळपट आडव्या रेघा दिसतात. पुढच्या मोसमात प्रत्येक रोलर या रेघांवरून दर फेऱ्याला उडी मारत जातो, रेघेच्या कडेचे टवके निघतात, टवके ग्रीसमध्ये मिसळतात आणि बाकीचं काम ते करतात. खारं पाणी असेल तर हीच वाटचाल कितीतरी लवकर होते. एकदा रेघ पडली की नवं ग्रीस भरून ती जात नाही.

हबच्या आत नेमकं काय असतं? प्रत्येक चाकाला दोन टेपर रोलर बेअरिंग असतात: आतलं मोठं, बाहेरचं लहान, एकमेकांकडे निमुळत्या बाजूने तोंड केलेली. प्रत्येकाचे दोन भाग, कप आणि कोन. कप हबमध्ये ठोकून बसवलेला असतो. कोन म्हणजे आतली रिंग, तिच्यावरचे रोलर आणि त्यांना जागेवर धरणारी पत्र्याची जाळी. आतल्या बेअरिंगच्या मागे सील. बाहेरच्या बेअरिंगच्या पुढे वॉशर, खाचांचा कॅसल नट, कॉटर पिन आणि शेवटी डस्ट कॅप. निमुळत्या रोलरची ही रचना हेन्री टिमकेन या बग्गी बनवणाऱ्या माणसाने १८९८ मध्ये पेटंट केली. वळणावर चाकाला आडवा रेटा बसतो, तो सरळ रोलरला पेलत नाही, हे त्याचं दुखणं होतं. ट्रेलरचं दुखणंही तेच आहे, म्हणून सव्वाशे वर्षांनंतरही हीच रचना टिकून आहे.

इथे एक सापळा आहे. कोनाच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, आणि सुटे भाग त्या नंबरानेच घ्यायचे, डोळ्याच्या अंदाजाने नाही. एल ४४६४९ आणि एल ४४६४३ हे दोन्ही कोन एल ४४६१० या एकाच कपात बसतात. पण पहिल्याचं भोक जवळपास २७ मिलिमीटर, दुसऱ्याचं २५.४. कप जुळला म्हणून चुकीचा कोन बसवला तर एकतर तो स्पिंडलवर चढणारच नाही, किंवा चढेल आणि दीड मिलिमीटर सैल राहील. दुसरा प्रकार धोक्याचा, कारण चाक लावल्यावर तो पटकन लक्षात येत नाही. मोठ्या एक्सलवर आत एल ६८१४९ आणि बाहेर एल ४४६४९ ही जोडी नेहमी दिसते. नंबर गंजून गेला असेल तर स्पिंडल व्हर्नियरने मोजायचा, दोन्ही बेअरिंगांच्या जागी आणि सीलच्या जागीसुद्धा.

आता हब उघडू. ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवावा आणि पलीकडच्या चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करून मग जॅक लावायचा. जॅक कुठे लावायचा ते एक्सलवर अवलंबून आहे. टॉर्शन एक्सल (ज्याचं सस्पेन्शन नळीच्या आतच असतं) असेल तर त्याच्या नळीखाली जॅक लावू नये, ती वाकते. उचलल्यावर खाली स्टँड हवाच, नुसत्या जॅकवर विसंबून हात आत घालायचा नाही. चाक काढण्याआधी ते वर आणि खाली धरून हलवून बघावं, म्हणजे किती प्ले (ढिलाई) आहे ते कळतं. मग एक हात स्प्रिंगवर किंवा एक्सलवर ठेवून दुसऱ्याने चाक फिरवावं. खराब झालेल्या बेअरिंगची खरखर कानाला ऐकू येण्याआधी त्या हाताला जाणवते.

डस्ट कॅप कडेने थोडी थोडी ठोकत काढायची. कॉटर पिन सरळ करून ओढायची आणि टाकून द्यायची. ती पुन्हा वापरण्यात कसलीही बचत नाही. नट, वॉशर, बाहेरचा कोन निघाले की हब ओढून घ्यायचा. ड्रम ब्रेक असतील तर आधी ब्रेकची ॲडजस्टमेंट सैल करावी लागते, डिस्क असेल तर कॅलिपर सोडवून तारेने टांगावा, पाइपावर लोंबकळत ठेवू नये. सील मागून उचकटून काढलं की आतला कोन हातात येतो. कोणता कोन कुठल्या चाकाचा, हे लिहून ठेवावं. जुना कोन परत वापरायचा असेल तर तो त्याच्या त्याच कपात जायला हवा, दोघांची घासण एकमेकांना जुळलेली असते.

साफ करण्याआधी जुनं ग्रीस बोटावर घेऊन बघावं. पुसून टाकलं की माहिती गेली. दुधाळ म्हणजे पाणी. बोटांत चोळल्यावर कचकच लागली तर धातूचा किंवा वाळूचा कण. काळं आणि करपल्या वासाचं असेल तर हब कधीतरी खूप तापला होता. सीलजवळचं ग्रीस दुधाळ आणि पुढचं स्वच्छ असेल तर दोष सीलचा. उलट असेल तर डस्ट कॅप गळते आहे.

मग सगळं रॉकेलमध्ये ब्रशने धुवायचं. पेट्रोल वापरू नये, त्याची वाफ भडकते. धुतलेलं बेअरिंग हवेच्या नळीने गरगर फिरवून सुकवण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. कोरडं बेअरिंग त्या हवेने भलत्या वेगाने फिरतं, जाळी तुटून रोलर गोळीसारखा सुटू शकतो. चिंधीने पुसून, उलटं-पालटं करून वाळू द्यावं.

धुतल्यावर प्रत्येक रोलर आणि कपाची आतली बाजू भरपूर उजेडात बघायची. निरोगी पृष्ठभाग एकसारखा राखाडी, गुळगुळीत. नख फिरवल्यावर अडकलं, म्हणजे खड्डा किंवा रेघ आहे, तर तो सेट गेला. निळसर झाक दिसली तर पोलादाने जवळपास ३०० अंशांची उष्णता पाहिली आहे. बेअरिंगच्या पोलादाची कठीणता त्याच्या बऱ्याच आधी उतरू लागते, त्यामुळे वरून ते कितीही गुळगुळीत दिसलं तरी भंगारात. पिवळट-तपकिरी डाग मात्र फसवे असतात. कधी ते उष्णतेचे असतात, कधी नुसत्या करपलेल्या ग्रीसचा पापुद्रा. रॉकेलने घासून निघाला तर पापुद्रा, नाही निघाला तर उष्णता. आणखी एक जागा सहसा कोणी बघत नाही: रोलरचा जाड बाजूचा शेवट. टेपर रोलर बाकी सगळीकडे लोळतो, पण त्याचं जाड टोक कोनाच्या कडेवर घासत जातं. ग्रीस कमी पडलं किंवा नट जास्त आवळला गेला की पहिली झीज इथे दिसते, गोल ओरखड्यांच्या रूपात. तिथे ओरखडे असतील तर नुसतं बेअरिंग बदलून भागणार नाही, मागच्या वेळी नट कसा बसवला होता याचाही विचार करावा लागेल.

शंका आली तर बदला, असं माझं मत आहे. बेअरिंग हा या सगळ्या जोडणीतला स्वस्त भाग, आणि ते गेलं की स्पिंडल घेऊन जातं. पण बदलायचं तर कप आणि कोन दोन्ही. जुन्या कपात नवा कोन घालणं म्हणजे नव्या रोलरला पहिल्या दिवसापासून जुन्या खड्ड्यांवरून चालवणं. कप काढायला हबच्या आतल्या खाचेतून पितळी पंच लावायचा आणि समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीने ठोकायचा. एकाच बाजूने ठोकला तर तो तिरका अडकतो आणि हबची जागा खरवडतो. नवा कप बसवताना जुना कप बाहेरून थोडा घासून कमी करून ठोकणीसारखा वापरता येतो. कप खोबणीच्या तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, बदबद जाऊन टणक होतो. तो बदल ऐकू येईपर्यंत थांबू नये. अर्धवट बसलेला कप पहिल्या काही किलोमीटरमध्ये आत सरकतो आणि चाकात एकदम ढिलाई येते.

सील दर वेळी नवं, यात वाद नाही. बोटीसाठी दुहेरी कडेचं घ्यावं, ज्यातली एक कड बाहेरच्या पाण्याकडे तोंड करून असते. स्प्रिंगची बाजू आत, बेअरिंगकडे. लाकडाचा सपाट तुकडा ठेवून ते हळूहळू ठोकावं आणि कडेला ग्रीसचं बोट फिरवावं, नाहीतर सुरुवातीचे काही फेरे ती कोरडीच घासते. याहून महत्त्वाची आहे स्पिंडलवरची जागा, जिथे ही कड टेकते. तिथे गंज किंवा नखाला लागेल अशी खाच असेल तर जगातलं कुठलंही सील तिथे पाणी अडवू शकत नाही. बारीक गंज बारीक पॉलिश पेपरने निघतो. खोल खाच असेल तर तिच्यावर बसणारी पातळ स्टीलची बाही मिळते, ती चढवावी. दरवर्षी सील बदलूनही ग्रीस दुधाळच निघत असेल, तर पाणी बहुधा याच खाचेतून येतंय.

ग्रीसच्या डब्यावरचा रंग काही सांगत नाही. बघायचं ते एवढंच: एनएलजीआय २ घट्टपणा, चाकाच्या बेअरिंगसाठी असल्याचं जीसी-एलबी हे चिन्ह, आणि पाण्याने धुऊन न जाण्याचा गुण. लिथियम कॉम्प्लेक्स, ॲल्युमिनियम कॉम्प्लेक्स किंवा कॅल्शियम सल्फोनेट, यांपैकी मरीन म्हणून विकलं जाणारं कुठलंही चालेल. खाऱ्या पाण्यासाठी माझा कल कॅल्शियम सल्फोनेटकडे. एकदा ठरवलं की तेच वापरत राहावं. काही ग्रीस एकमेकांत मिसळली की त्यांना घट्ट ठेवणारी आतली रचना फुटते आणि ती तेलासारखी पातळ होऊन सीलमधून वाहतात. पॉलीयुरिया आणि लिथियमच्या बाबतीत ही भीती नेहमीची आहे. ब्रँड बदलायचाच असेल तर हब पूर्ण धुऊन.

कोनात ग्रीस भरण्यासाठी यंत्र लागत नाही. तळहातावर गोळा घ्यायचा आणि कोनाची जाड बाजू त्यावर दाबत, खरवडत राहायचं, दुसऱ्या टोकाने रोलरांमधून ग्रीसचे किडे बाहेर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुढचा भाग, असं पूर्ण गोल. वरवर फासलेलं ग्रीस रोलरपर्यंत पोचत नाही. मधल्या पोकळीत किती भरायचं याबद्दल दोन मतं आहेत. रस्त्यावरच्या वाहनांसाठी एक तृतीयांश ते अर्धी पोकळी पुरे मानतात, कारण जास्त ग्रीस घोटलं जाऊन उष्णता वाढते. बोट ट्रेलरला मी हा नियम लावणार नाही. हवा जितकी कमी, तितकं बुडताना आत ओढलं जाणारं पाणी कमी. म्हणून पोकळी जवळपास भरून टाकणं बरं. थोडी उष्णता वाढली तरी ती परवडते, पाणी परवडत नाही.

नट आवळणं हा या कामातला सगळ्यात चुकणारा भाग, आणि चूक नेहमी एकाच दिशेने होते: जास्त घट्ट. हब फिरवत फिरवत नट सुमारे ६८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचा, म्हणजे कप-कोन नीट बसतात आणि जास्तीचं ग्रीस बाजूला होतं. मग हब न फिरवता नट पूर्ण सैल करायचा. आता फक्त बोटांनी, पाना न लावता, टेकेपर्यंत फिरवायचा. पिनचं भोक आणि नटाची खाच समोर आली तर पिन घालायची. नाही आली तर नट किंचित उलटा फिरवून जवळची खाच जुळवायची. पिन घातल्यावरही नट बोटांनी थोडा हलायला हवा, त्याला धरून ठेवणारी फक्त पिन असते. असा ढिला नट बघून नवख्याच्या पोटात गोळा येतो आणि तो आणखी थोडा पिळतो. तिथेच घात होतो. टेपर बेअरिंगला ०.०२५ ते ०.२५ मिलिमीटर एवढा आडवा प्ले लागतो. चाक चालून तापलं की भाग प्रसरण पावतात आणि तो प्ले कमी होतो. आधीच शून्य असेल तर रोलर चिमटले जातात, त्याने उष्णता वाढते, उष्णतेने चिमटा आणखी घट्ट होतो, आणि हे चक्र ग्रीस जळेपर्यंत थांबत नाही.

एक इंची स्पिंडलवर इंचाला १४ आटे असतील तर पूर्ण फेऱ्याला नट १.८ मिलिमीटर सरकतो. सहा खाचांच्या नटाला एका खाचेपासून दुसरीपर्यंत ०.३ मिलिमीटर. म्हणजे अगदी वाईट योग आला आणि जवळजवळ पूर्ण खाच उलटं जावं लागलं, तर प्ले मर्यादेच्या थोडा वर जातो. अशा वेळी वॉशर उलटा करून किंवा बदलून पुन्हा जुळवून बघावं. एरवी मागे जाण्याची भीती बाळगू नये. मोटारीच्या बंद हब युनिटचा नट भरपूर टॉर्कने आवळतात, त्याच्याशी याची तुलना करू नये. ती रचनाच वेगळी.

दाबाखाली ग्रीस ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या टोप्या, बेअरिंग बडी वगैरे, यांच्याविषयी लोक एकतर भक्त असतात नाहीतर विरोधक. हिशेब बघितला तर त्या कामाच्या आहेत. आत सुमारे ३ पीएसआय, म्हणजे ०.२ बार दाब राहतो, आणि थंड होताना पडणारी ओढ ०.१ बारच्या आसपास. पण स्प्रिंगखालची चकती पुढे सरकलेली असेल तरच हा दाब आहे. चकतीची कड बोटाने दाबून बघावी. ती हलली तर ग्रीस पुरेसं आहे, हलली नाही तर दोन-तीन पंप मारावेत. आणखी मारत राहिलं की मागचं सील उलटतं आणि ग्रीस ब्रेकवर जातं. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे फराटे दिसले तर हेच झालं असं समजावं. शिवाय पुढून घातलेलं ग्रीस आधी बाहेरच्या बेअरिंगला मिळतं. आतल्यापर्यंत ते पोकळी भरलेली असेल तरच पोचतं. काही स्पिंडलांना टोकाला ग्रीस भरायचं निपल आणि आतून भोक असतं, ज्यातून ग्रीस सीलजवळ निघून पुढे येतं. ही रचना जास्त शहाणी. मात्र पंप मारताना चाक हळूहळू फिरवत राहायचं आणि हाताची ग्रीस गनच वापरायची. दोन्ही सोयींचा एकच दोष: बाहेरून नवं ग्रीस घातल्याचं समाधान मिळतं आणि आतला गंज कोणी बघत नाही. त्यामुळे वर्षातून एकदा हब उघडणं टळत नाही. खाऱ्या पाण्यात वरचेवर उतरणाऱ्या ट्रेलरला मोसमात दोनदा.

काही हबमध्ये ग्रीसऐवजी तेल असतं, त्यांना पारदर्शक टोपी असते. तेल दुधाळ दिसलं की काम काढायचं, एवढं ते सोपं आहे. पण सील गळलं तर तेल ग्रीसपेक्षा फार लवकर रिकामं होतं.

हे काम कधी करावं? बहुतेक जण मोसम सुरू होताना करतात. माझ्या मते ते शेवटच्या बुडीनंतर करावं, ट्रेलर उभा करण्याआधी. पाणी शिरलं असेल तर गंज उभ्या काळात धरतो. मोसमाच्या सुरुवातीला हब उघडून फक्त झालेलं नुकसान बघायला मिळतं. उभ्या ट्रेलरची चाकं महिन्यातून एकदा अर्धा-पाऊण फेरा फिरवावीत, म्हणजे रोलर एकाच रेषेवर बसून राहत नाहीत.

रस्त्यावर निघाल्यावर १५-२० किलोमीटरवर पहिला थांबा घ्यावा आणि प्रत्येक हबला हाताची मागची बाजू लावावी. आधी जवळ न्यावी, मग टेकवावी. बिघडलेला हब भाजतो. कोमट किंवा गरम चालतं. हात ठेववत नसेल, किंवा एक हब बाकीच्यांहून स्पष्ट जास्त तापला असेल, तर पुढे जाऊ नये. ब्रेकची उष्णताही हबमध्येच येते, म्हणून थांबताना शक्यतो जोरात ब्रेक न मारता गाडी सावकाश थांबवावी, म्हणजे वाचन खरं येतं. इन्फ्रारेड थर्मामीटर चांगला, पण चकचकीत टोपीवर तो खूप कमी आकडा दाखवतो. रंगवलेल्या किंवा मळकट भागावर रोखावा, आणि दर वेळी त्याच जागी. लहान चाकांना ही काळजी जास्त. ८० किलोमीटरच्या वेगाला १३ इंची रिमचं चाक मिनिटाला ७०० च्या आसपास फेरे घेतं, ८ इंची रिमचं जवळपास १०००.

रॅम्पवर पोचल्यावर लगेच पाण्यात उतरू नये. बोटीचे पट्टे सोडणं, सामान चढवणं, दिव्यांची वायर काढणं हे सगळं आधी करावं. त्यात अर्धा तास जातो आणि हब आपोआप निवतो. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने ट्रेलर धुणं चांगलं, पण त्याने आतलं पाणी निघत नाही, आणि प्रेशर वॉशरचा फवारा सीलवर मारला तर उलट आणखी आत जातं.

लांबच्या प्रवासाला सुटं बेअरिंग न्यावं की पूर्ण हब? पूर्ण हब. रस्त्याच्या कडेला, धुळीत, कप ठोकून काढणं आणि बसवणं हे काम कोणी करू नये. दोन्ही कप बसवलेला, कोन भरलेला, सील लावलेला हब पिशवीत बंद करून ठेवावा. सोबत नवा नट, वॉशर, दोन-तीन कॉटर पिना, डस्ट कॅप, पक्कड, नटाच्या मापाचा पाना आणि ट्रेलरखाली खरोखर बसणारा जॅक. मोटारीचा जॅक बहुधा बसत नाही, हे घरीच तपासून घ्यावं. आणि चाक कोणत्याही कारणाने काढलं असेल तर त्याचे नट टॉर्क रेंचने आवळून १५, ४० आणि ८० किलोमीटरवर पुन्हा तपासावेत. ते पहिल्या काही तासांत थोडे बसतात, आणि सैल झालेला चाकाचा नट नव्या बेअरिंगलाही वाचू देत नाही.